उघड्यावर

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागे आमचं दुकान,
पत्र्याचं, आठ बाय दहा.
दोन वाजता ऊन उंबरा ओलांडतं
आणि थेट टेबलावर येऊन बसतं, गिऱ्हाइकासारखं.

चिरकुटा मडावीनं झटका मशीन आणली, पोत्यात गुंडाळून.
"रातभर टिकटिक करते बाप्पा,
डुक्कर फिरकत नाई तिकडं.
अन् दिवस निघला का मुकी."
दिवसा कोण येतं रे वावरात?
"वांदरं."
झाकण वांदरानंच फोडलं होतं.
यानं त्यावर बिस्किटाच्या बरणीचं पारदर्शक झाकण बसवलं,
आत दिवा पेटतो का ते दिसावं म्हणून.

मी मीटर लावला.
बॅटरी बरी. तारा बऱ्या.
एक काचेचा डायोड, तांदळाच्या दाण्याएवढा,
टोकाला काळी रेघ,
उलट्या दिशेनं थोडं थोडं गळत होता.
नीट पाहावं म्हणून वाकले,
आकडा सुधारला.
मागे सरले, बिघडला.
पुन्हा वाकले.
दोन वर्षं झाली या कामाला,
असा लाजाळू बिघाड पाहिला नव्हता,
तोंड जवळ नेलं की नाहीच म्हणणारा.

स्टुलावर नेवारेकाका, भिंतीकडे तोंड करून.
ब्रह्मपुरीच्या शिबिरात मोतीबिंदू काढला, आज तिसरा दिवस,
डोळ्यांवर फुकटातला काळा चष्मा.
मान न वळवता म्हणाले,
"पुनू, तुयी सावली पडते त्याच्यावर."

मग बोलत राहिले, भिंतीशीच:
पूर्वी काचेचे ट्रान्झिस्टर येत, वरून काळा रंग दिलेले.
आम्ही ब्लेडनं रंग खरवडायचो
आणि तो उजेड ओळखायला लागायचा.
रंग काय शोभेला होता?
सोलरची प्लेट ज्या मालाची, त्याच मालाचे हे सगळे,
रुपयाला दोन मिळतात तेसुद्धा.
"समदेच पायतात, पोरी.
म्हणून त डोळे बांधून इकतात."

मला खरं वाटेना.
फुटक्या टॉर्चमधला लाल एलईडी काढला,
मीटरला जोडून उन्हात धरला.
एक पूर्णांक चार व्होल्ट.
सेल नाही, काही नाही.
आजवर त्याला एकच काम सांगत आले होते, पेट.
त्यानं कधी सांगितलं नाही
की त्याला दुसरंही येतं.

टेप लावू म्हटलं, तर मे महिना, चिकट वितळून घसरेल.
काजळ? काका खेकसले,
"कोळसा हाय तो, वीज नेईल. शिकली का काई?"
शेवटी शेजारच्या बाळबुधे पेंटरकडून
नंबरप्लेटचा काळा रंग आणला, वाटीच्या तळाशी उरलेला,
आणि ते बरणीचं झाकण आतून रंगवलं.
ब्रशचे फराटे राहिले. राहू दे.

झाकण वाळेपर्यंत चिरकुटा दारात उकिडवा बसला.
त्याला समजावलं: उजेडानं चक्रावते ती.
त्यानं उघड्या मशीनकडे पाहिलं, मग काकांच्या चष्म्याकडे,
आणि काही बोलला नाही.
झाकण बसवलं.
टिक.
टिक.
भर उन्हात.
वीस रुपये घेतले, दहा रंगाचे.
"आता आतला दिवा दिसनार नाई," तो म्हणाला.
नाही दिसणार, आवाज ऐकायचा.

तो गेला, ऊनही गेलं हळूहळू.
मीटर बंद करायचा राहिला होता,
लाल एलईडी तसाच लटकत होता चिमट्यांना.
एक.
पाऊण.
मग नुसते मिलिव्होल्ट, शंभर, चाळीस, सात.
"अंधार पडला का?" काकांनी विचारलं.
पडतोय.
त्यांनी चष्मा काढला, भिंतीकडे पाहिलं,
खिळ्याला अडकवलेलं पंचायतीचं कॅलेंडर वाचलं, तारखेसकट,
मोठ्यानं.

मी शटर अर्धं ओढलं.
बाहेर खांबावरचा दिवा लागला
आणि मीटरवर शून्याचा तीन झाला.